साडेतीन मुहूर्तांत आणखी सहांची भर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी पत्रिकेत जून २०२५ मधील एका व्याख्यानाचा सारांश छापून आला आहे, आणि तो वाचून संघाच्या निदान चार सभासदांनी आपल्या मुदतठेवी मुदतीआधी मोडून सराफाची पायरी चढल्याचे माझ्या कानांवर आले आहे. सबब, व्याख्यानाच्या दिवशी ज्या प्रतिपादनापुढे चहाचा कप हातात घेऊन गप्प बसणे मला सभ्यपणाचे वाटले, त्याचा प्रतिवाद आता लेखी करणे मला भाग पडत आहे. व्याख्याते बहुश्रुत गृहस्थ आहेत, वाणी त्यांना प्रसन्न आहे, आणि आमची पंचवीस वर्षांची मैत्री एवढ्यातेवढ्याने तुटेल इतकी तकलादू नाही. तथापि त्यांचे नाव येथे घालीत नाही, आणि त्यांच्या हेतूविषयी मला काडीइतकी शंका नाही हेही आधीच नमूद करून ठेवतो. मी स्वतः अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. उभा जन्म मी एका सरकारी कचेरीच्या लेखाशाखेत इतरांच्या जमाखर्चाची रुजुवात करण्यात घालवला. त्या कामाने दुसरे काही शिकवले नसले तरी एक खोड मात्र लावून दिली, ती ही की कोणी सिद्धांत मांडला की आधी वही उघडून आकडे जुळतात की नाही ते पाहावे.

सिद्धांत असा. ६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपोदर एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवून साडेपाचावर आणला. फेब्रुवारीपासूनची ही तिसरी कपात. दर उतरले की बँका ठेवींवरचे व्याज उतरवतात. व्याज उतरले की व्याज न देणारे सोने बाळगण्यातला तोटा कमी होतो. तो कमी झाला की लोक सोन्याकडे वळतात आणि भाव चढतो. तेव्हा शहाण्या निवृत्ताने दरकपातीची द्वाही फिरताच ठेवीतला निम्मा ऐवज सोन्यात घालावा, आणि पुढे कधी दर चढू लागले की तो पुन्हा ठेवीत आणावा. याला पुरवणी म्हणून आणखी दोन मुद्दे जोडले गेले: ठेव महागाईने रोज झिजते, सोने झिजत नाही आणि त्यावर कोणाचा हुकूमही चालत नाही, शिवाय ज्यांच्या हाती नोटा छापण्याचा अधिकार त्या मध्यवर्ती बँकाच जर टनांनी सोने घेत आहेत, तर आपण पामरांनी का मागे राहावे? या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडण्याजोगेच ते वाक्य होते.

आपल्या पंचांगाने शुभकार्याला साडेतीन मुहूर्त दिलेले आहेत. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती वर्षातून सहा वेळा बसते. म्हणजे आमच्या स्नेह्यांनी साडेतीनांत सहांची भर घालून मुहूर्तांची संख्या साडेनवांवर नेली. परंतु पाडव्याला गुंजभर सोने घेणारी गृहिणी भाव चढेल की पडेल असे पंचांगाला विचारीत नाही. ती घेते, देवापुढे ठेवते आणि डब्यात टाकून मोकळी होते. या सहा नव्या मुहूर्तांना मात्र भविष्य वर्तवण्याचे काम लावलेले आहे, आणि ते त्यांनी आजवर कसे बजावले याची नोंद उपलब्ध आहे.

ती नोंद पाहू. मे २०२० मध्ये रेपोदर ४ टक्क्यांवर आला. इतका खाली तो पूर्वी कधी आला नव्हता, आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे तो तेथेच मुक्काम ठोकून राहिला. सोन्याला याहून अनुकूल ऋतू कोणता असावा? प्रत्यक्षात त्या वर्षीच्या ऑगस्टात दहा ग्रॅमला छप्पन हजारांवर गेलेला भाव, दर जागचा हलला नसताना, पुढल्या मार्चपर्यंत चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजारांवर घसरला. ज्या निवृत्ताने त्या ऑगस्टात ठेव मोडली, त्याच्या मुद्दलाचा पाचवा हिस्सा सात महिन्यांत गेला. आता उलट बाजू. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने हाच दर चारांवरून साडेसहांवर चढवला. नियमाप्रमाणे सोने कोसळायला हवे होते. ते एकावन्न-बावन्न हजारांवरून छप्पन-सत्तावन्नांवर गेले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तर मार्च २०२२ मध्ये शून्याच्या आसपास असलेला आपला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाचांच्या पट्ट्यात नेला, चाळीस वर्षांत झाली नव्हती अशी ही चढाई होती, आणि २०२३ संपताना सोने औंसाला दोन हजार डॉलरच्या वर, म्हणजे चढाईपूर्वीच्या भावाहूनही वर होते.

नियमाच्या बाजूने जो एक भक्कम दाखला आहे तो मी लपवून ठेवणार नाही. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरवर पोचले. त्याच सुमारास अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाईचा कणा मोडण्यासाठी व्याजदर वीस टक्क्यांपर्यंत जाऊ दिले, आणि १९८२ च्या मध्यापर्यंत सोने ३०० डॉलरच्या खाली आले. १९९९ साली तर ते २५० च्या घरात होते, आणि ८५० चा आकडा त्याने पुन्हा पाहिला तो जानेवारी २००८ मध्ये. साठाव्या वर्षी सेवानिवृत्त होऊन १९८० च्या जानेवारीत सोने घेतलेला अमेरिकन गृहस्थ तोवर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झालेला असणार, अर्थात झालाच असला तर. हा दाखला खरा आहे, परंतु तो नियमाइतकाच नियमावर विसंबणाऱ्याच्याही विरुद्ध जातो, कारण एवढी मोठी उतरण लागली आहे हे त्या वेळी कोणाला कळले होते? ज्यांना कळायला हवे होते त्यांना तर मुळीच कळत नाही. ब्रिटनच्या अर्थखात्याने १९९९ ते २००२ या काळात सुमारे ३९५ टन सोने औंसाला सरासरी पावणेतीनशे डॉलरच्या भावाने, म्हणजे नेमके तळाशी, विकून टाकले. आणि आपल्या सरकारने? नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्णरोख्यांची पहिली मालिका ग्रॅमला २,६८४ रुपयांनी काढली, वर व्याज देऊ केले, आणि आठ वर्षांनी तेच रोखे ६,१३२ रुपयांनी परत घेण्याची वेळ आली. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका निघाली नाही. व्याजदराची किल्ली ज्यांच्या कमरेला, चलनाचे छापखाने ज्यांच्या ताब्यात, त्यांची भाकिते जर अशी चुकतात, तर पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसून वर्तमानपत्रातल्या मथळ्यावरून ती आम्ही बरोबर करू, हा आत्मविश्वास मला अजब वाटतो.

येथे स्नेही हसून म्हणतील, आणि प्रत्यक्षात म्हणालेच, की बाबा रे, मी जूनमध्ये सांगितले आणि भाव चढलाच ना? चढला. जूनच्या आरंभी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव हजारांत असलेले सोने ऑक्टोबरच्या मध्यास एक लाख तीस हजारांच्या आसपास गेले. पण या मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने काय केले, याचा उल्लेख पत्रिकेतल्या सारांशात नाही. समिती ऑगस्टात बसली, १ ऑक्टोबरला बसली, आणि दोन्ही खेपेस दर साडेपाचांवर जैसे थे ठेवून उठली. ज्या चार महिन्यांत आमच्या मुहूर्ताने काहीच केले नाही, त्याच चार महिन्यांत सोन्याने वर्षातली सर्वांत लांब उडी घेतली. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली की कावळ्याच्या वजनावर ग्रंथ लिहायचा नसतो. सप्टेंबरात अमेरिकेने दर उतरवला होता असे कोणी पुढे करील, तर मुंबईतल्या बैठकीकडे डोळे लावून ठेव मोडायला सांगणे निदान पत्त्याची चूक होती एवढे तरी त्याने कबूल करावे.

कारण आपल्याकडचा भाव घडतो तो अनेक हातांनी, आणि त्यांत मिंट रोडवरल्या रिझर्व्ह बँकेचा हात फार लहान आहे. जगातला डॉलरमधला भाव हा एक हात, रुपया-डॉलरचा विनिमयदर हा दुसरा, आणि दिल्लीचे सीमाशुल्क हा तिसरा. दुसऱ्याचे बळ लोकांना ठाऊक नसते. १९८० पासून २००२ पर्यंत सोन्याची वर्षभराची सरासरी किंमत डॉलरमध्ये निम्म्यावर आली, आणि त्याच बावीस वर्षांत रुपयांत ती तेराशेतीसच्या आसपासवरून पाच हजारांच्या जवळ, म्हणजे पावणेचारपट झाली. कारण आठ रुपयांना मिळणारा डॉलर या अवधीत अठ्ठेचाळिसांवर गेला होता. आमच्या आईवडिलांनी ‘सोने कधी उतरत नाही’ असे जे छातीठोकपणे सांगितले त्यात सोन्याचे कर्तृत्व थोडे आणि रुपयाची दुर्दशा फार होती. तिसऱ्या हाताची करामत तर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली: २३ जुलै २०२४ रोजी अर्थसंकल्पात आयातशुल्क पंधरांवरून सहा टक्क्यांवर आणले गेले, आणि त्या एका दिवसात दहा ग्रॅममागे चार हजारांच्या आसपास भाव उतरला. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी बोटही हलवले नव्हते. सोन्यावर कोणाचा हुकूम चालत नाही म्हणणाऱ्यांनी हे एक लक्षात घ्यावे, आणि आमच्या पिढीला दुसरेही स्मरत असेल. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडवण्यास मनाई केली आणि सोनारांच्या हातचे काम गेले. पुढे १९६८ साली कायदा झाला, तो १९९० पर्यंत पुस्तकात होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली तिच्याकडे येतो. व्याख्यानभर सोन्याच्या भावाची चर्चा झाली. ते सोने ज्याच्या घरात आहे त्या माणसाच्या वयाची, आणि दर महिन्याच्या एक तारखेची, झाली नाही. २०१२ च्या अखेरीस दोन शेजारी सेवानिवृत्त झाले अशी कल्पना करा. प्रत्येकाजवळ दहा लाख रुपये, आणि प्रत्येकाला घरखर्चात दरमहा साडेसात हजारांची भर हवी. पहिल्याने ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत पैसे गुंतवले. त्या वर्षी तीत ९.३ टक्के व्याज होते, पुढे मुदतवाढीत ते सव्वाआठांच्या आसपास आले आणि नंतर ७.४ झाले. दुसऱ्याने तेव्हाच्या एकतीस हजारांच्या भावाने बत्तीस तोळे सोने घेतले (बाजारातला आजचा तोळा, म्हणजे दहा ग्रॅम), आणि गरजेपुरते विकत राहिला. त्या त्या वर्षाच्या सरासरी भावाने मी हा हिशेब मांडून पाहिला. विक्रीतली घट धरली नाही, कर धरला नाही, सोन्याला सर्व सवलती दिल्या. पहिली सहा वर्षे भाव सव्वीस ते एकतीस हजारांत रेंगाळत होता, आणि तेवढ्यात दुसऱ्याचे निम्म्याहून अधिक सोने घरखर्चात गेले. पुढे भाव चढू लागला तेव्हा चढायला उरले होते तेच थोडे. एप्रिल २०२५ मध्ये जेव्हा तोळ्याने एक लाखाची वेस ओलांडली आणि वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर चौघडे वाजवले, त्या दिवशी या गृहस्थाच्या डब्यात अडीच-तीन तोळे शिल्लक होते. पहिल्याच्या मुद्दलाला शेवटच्या काही वर्षांत थोडा हात लागला, पण नऊ लाखांवर रक्कम शाबूत होती.

याच हिशेबाची तिसरी ओळ त्याहून बोलकी आहे. याच दोघांचा एक तिसरा शेजारी होता असे धरा, ज्याचे घर पुरेशा पेन्शनीवर चालत होते; त्यानेही त्याच दिवशी त्याच भावाने बत्तीस तोळे घेतले आणि हात लावला नाही. त्याच्या दहा लाखांचे बत्तीस लाख झाले. सोने तेच, भाव तोच, रिझर्व्ह बँकेच्या बैठकाही त्याच; फरक पडला तो विकावे लागण्याने. निवृत्त माणसाच्या सोन्याचे नशीब कोठे ठरते असे मला विचाराल तर ते त्याच्या किराणामालाच्या यादीत ठरते. या एका बाबीकडे दुर्लक्ष करून व्याजदराच्या वळणांवर कितीही सूक्ष्म भाष्य केले तरी ते फोल आहे.

ही विकण्याची सक्ती कशी असते ते मी जवळून पाहिले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये माझ्या आत्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिचे गोठ मोडायला मी तिच्याबरोबर सराफकट्ट्यावर गेलो होतो. तिच्या लग्नातले गोठ. घरच्या वहीत वजन सहा तोळे लिहिलेले. सराफाने कसोटीवर रेघ ओढली, भिंगातून पाहिली, आणि ‘आजी, गाळून बघावं लागेल’ म्हणत ते मागच्या खोलीत पाठवले. तेथे आटपाडीकडचा एक गलाईवाला बसला होता. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी टापूतून, विटा-खानापूर-आटपाडीच्या गावांतून उठलेली ही माणसे हिंदुस्थानभरच्या सराफ बाजारांत सोने गाळीत बसलेली आढळतात. त्याने गोठ कातरले तशी आतून काळपट लाख दिसली. ज्योत लागली, लाखेचा उग्र वास खोलीभर झाला. मग मुशीत टाकणखार पडला, आणि थोड्या वेळाने चिमट्याने त्याने एक पिवळी गोळी पाण्यात सोडली. चुर्र झाले. तागडीत ती पावणेचार तोळे भरली. आत्या त्या गोळीकडे बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, ‘अरे, ही माझ्याच गोठांची का रे?’

लाख होती, टंच कमी होता, दुकानदाराने एका गुंजेचीही फसवणूक केली नाही. ज्या घरात कोणी गोठ फोडून पाहिलेच नव्हते त्या घरच्या वहीचा तो दोष. पण दागिन्यांच्या डब्याला गुंतवणूक समजून त्याची बेरीज निवृत्तीच्या पुंजीत धरणाऱ्यांनी घडणावळ, कर, खडे, डाख आणि घट वजा करून मग बेरीज मांडावी. आणि योगायोग पाहा: त्याच महिन्याच्या १६ तारखेला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जवळजवळ दहा वर्षांनी प्रथमच दर वाढवला. नियमाप्रमाणे त्यानंतर सोने आणखी पडायला हवे होते. वस्तुतः तोच त्याचा तळ ठरला आणि तेथून ते चढू लागले. आत्याने विकले ते अगदी पडत्या भावात, दहा ग्रॅमला पंचवीस हजारांच्या सुमारास, कारण गुडघ्याला मुहूर्त पाहता येत नव्हता.

ठेव झिजते या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करताना मला जड जात नाही. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँका पाच-साडेपाच टक्के देत होत्या आणि महागाई सहांच्या वर होती. ठेवीदार त्या वर्षी राजरोस नागवला गेला, आणि त्याबद्दल कोणाकडे फिर्याद करावी हेही त्याला कळले नाही. पण व्याख्यान झाले ते २०२५ साली. त्या जूनमध्ये किरकोळ महागाई दोन टक्क्यांच्या आसपास होती, ऑक्टोबरात ती पाव टक्क्यावर आली, आणि ज्येष्ठांच्या योजनेत ८.२ टक्के व्याज मिळत होते. म्हणजे ठेव ज्या वर्षी सर्वांत कमी झिजत होती, नेमके ते वर्ष गाठून ती मोडण्याचा सल्ला दिला गेला. भाजी स्वस्त झाली म्हणून डॉक्टरांची फी उतरत नाही, म्हाताऱ्यांची महागाई निर्देशांकाहून निराळी असते, हे मला घरच्या औषधांच्या बिलावरून ठाऊक आहे. तरीदेखील कोरे व्याज आणि महागाई यांतले अंतर पाहिल्यावाचून ठेवीची निंदा करणे हे अर्धीच वही वाचण्यासारखे आहे.

राहिला टाळ्यांचा मुद्दा. मध्यवर्ती बँका सोने घेत आहेत हे खरे. २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांनी मिळून दरसाल हजार टनांहून अधिक घेतले. त्याचे निमित्तही उघड आहे: फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण होताच रशियाची परदेशांतली सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, आणि दुसऱ्याच्या तिजोरीतला दुसऱ्याचा कागद किती आपला असतो याची जाणीव अनेक राजधान्यांना एका रात्रीत झाली. व्याजाचा या खरेदीशी संबंध फार कमी. पण आपण उदाहरण घ्यायचेच तर पुरते घ्यावे. रिझर्व्ह बँकेजवळ मार्च २०२५ अखेर ८७९.५८ टन सोने होते, आणि तिच्या एकूण परकीय गंगाजळीत त्याचा हिस्सा होता शेकडा ११.७०. निम्मा नव्हे. अमेरिका-जर्मनीचा हिस्सा याहून कितीतरी मोठा आहे खरा, पण तो सुवर्णपरिमाणाच्या आणि ब्रेटन वुड्सच्या काळातला वारसा आहे. हल्ली ठेवी मोडून केलेली ती खरेदी नव्हे. शिवाय रिझर्व्ह बँकेने २००९ साली नाणेनिधीकडून २०० टन घेतले, त्यानंतर तिने रेपोदर कितीदा चढवला, कितीदा उतरवला. त्या दोनशे टनांतला एक तोळाही त्या पायी विकला नाही. स्वतःच्या दराच्या चढउताराला जी बँक आपल्या सोन्याच्या बाबतीत विचारात घेत नाही, तिच्या दरावरून आम्ही आमचे सोने हलवायचे, हा काय न्याय?

आणि ते सोने कामी कधी आले, तर १९९१ साली. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, कोणी उधार द्यायला तयार नव्हते, आणि तेव्हा जुलै महिन्यात ४६.९१ टन सोने परदेशी रवाना होऊन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी ५० लाख डॉलर उभे राहिले. लोकांना लाज वाटली, संसदेत गदारोळ झाला. पण देशाची पत राहिली. ज्याला रोजच्या खर्चासाठी कोणी हात लावला नव्हता तेच सोने त्या दिवशी शाबूत सापडले. निवृत्ताच्या घरात सोन्याला मी जागा देतो ती एवढ्याच अर्थाने: रुपया घसरेल त्या दिवसासाठी, बँकेवर एखादे दिवशी पैसे काढण्याचे निर्बंध येतील त्या आठवड्यासाठी (सहकारी बँकांच्या ठेवीदारांना या निर्बंधांचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही), आणि तेव्हासुद्धा शक्यतो विकण्याऐवजी तारण ठेवण्यासाठी. त्याच्या आधी औषधपाणी, किराणा, वीजबिल, घरपट्टी यांची दरमहाची तजवीज पेन्शन आणि ठेवी यांतून पुरती झालेली असावी. ज्यांची ती झालेली नाही त्यांनी सोन्याच्या वाटेला जाऊच नये, मग रेपोदर शून्यावर का येईना.

माझा स्वतःचा शिरस्ता सांगतो, तो कोणी उचलावा असा आग्रह नाही. पुंजीचा दहावा हिस्सा सोन्यात, तोही चोख वेढणींच्या रूपात. दागिने या हिशेबाबाहेर, ते बायकोचे स्त्रीधन आहे आणि त्यावर माझी मुखत्यारी चालत नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, वही उघडायची. सोन्याचा हिस्सा दहाव्याहून कमी भरला तर घ्यायचे, बराच जास्त भरला तर वरचे विकून ठेवीत टाकायचे. त्या आठवड्यात कोणत्या बँकेने काय जाहीर केले ते पाहायचे नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला, समितीच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी. वही सांगत होती की गेल्या दसऱ्यापासून भाव दीडपटीहून अधिक झाल्याने दहाव्याचे शेकडा चौदा-पंधरा झाले आहेत. दीड तोळ्याची एक वेढणी रुमालात बांधून मी निघालो, तशी सौभाग्यवती म्हणाली, ‘अहो, दसऱ्याला सोनं लुटतात, मोडत नाहीत.’ तिचे म्हणणे शास्त्रार्थाने बरोबर होते आणि हिशेबाने माझे.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तोरणाखाली उभ्या असलेल्या मुलाने माझ्या वयाकडे पाहून खुर्ची दिली आणि विचारले, ‘काका, काय दाखवू? वेढणी, नाणं?’ मी रुमाल सोडून म्हटले, ‘मोडायची आहे.’ त्याला ऐकू आले नाही असे समजून त्याने पुन्हा विचारले. मग तो मालकांकडे गेला, मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पावती शोधायला सांगितली, वजन केले, आणि गर्दीतून वाट काढीत स्वतः माझ्यापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, ‘घरी सगळं बरं आहे ना?’ बरे आहे म्हणून सांगितले तरी त्यांना पटलेले दिसले नाही.

धनत्रयोदशीला स्नेही भेटले, तेव्हा भाव दसऱ्याहून दहा-बारा हजारांनी वर होता आणि ते मनापासून हळहळले. ‘पंधरा दिवस थांबायचं होतंत!’ मी होय म्हटले. थांबायला हवे होते हे आज कळते. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, दिवाळीच्या ऐन धामधुमीत, जगाच्या बाजारात सोने एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक पडले. मी दूरध्वनी करून त्यांना विचारले की तुम्ही थोडे विकलेत की नाही. ते म्हणाले, ‘छे, डिसेंबरच्या बैठकीत काय होतं ते बघून ठरवू.’ ५ डिसेंबरला बैठक झाली आणि रेपोदर आणखी पाव टक्क्याने उतरून सव्वापाचांवर आला. आता त्यांच्याच नियमाने त्यांना आणखी सोने घ्यायचे आहे, आणि उरलेल्या निम्म्या ठेवीच्या व्याजावर त्यांचे घर चालते. रविवारी संघात भेटणार आहोत.